रॉस ओलांडेपर्यंत

२०१७च्या मे महिन्यात बदलीचा आदेश हातात पडला, तेव्हा मी बँकेच्या रत्नागिरीच्या शाखेत होते. पोर्ट ब्लेअर, दोन वर्षं. घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, ''काळ्या पाण्यावर? पोराला घेऊन?'' त्यांचं काही चुकलं नव्हतं. आम्हा रत्नागिरीकरांना अंदमान म्हटलं की सावरकरच आठवणार. १९२१ साली तात्याराव आणि बाबाराव दोघांना अंदमानातून परत आणलं, तात्याराव काही काळ आमच्याच गावच्या तुरुंगात होते आणि पुढे १९२४ ते १९३७ जिल्ह्यातच स्थानबद्ध. पतितपावन मंदिरावरून रोज शाळेत गेलेली मी. अंदमान माझ्या डोक्यात एका कोठडीएवढं होतं. तिथे पाचशे उंबऱ्यांचे मोहल्ले आहेत, भाजीबाजार आहे, शाळेच्या बसगाड्या आहेत, हे कधी मनातच आलं नव्हतं.

चेन्नईहून विमान दोन तासांत पोचवतं. पण बरोबर सहावीतला मुलगा, पाच मोठ्या बॅगा, आणि माझ्या मनात एक हट्ट: पहिल्यांदा जायचं तर समुद्रावरूनच जायचं. नवऱ्याने विरोध केला नाही, फक्त पावसाळ्याचे दिवस आहेत एवढं म्हणाला.

जहाजाचं तिकीट काढणं हे रेल्वेसारखं नाही. अंदमान प्रशासनाचं प्रवासी जहाज महिन्यातून मोजक्याच वेळा सुटतं. वेळापत्रक निघतं, पण हवा बिघडली की तारीख पुढे सरकते. चेन्नई बंदराजवळच्या तिकीट कचेरीत सकाळी रांगेत उभी राहिले तेव्हा कळलं, की रांगेतले बहुतेक जण तिकडचेच आहेत. त्यांच्या हातात आयलँडर कार्ड होतं. ते असलं की भाडं सवलतीचं. कुणी आईला मोठ्या दवाखान्यात दाखवून परत चाललेला, कुणी मुलीला कॉलेजात सोडून. माझ्या मागे एक कुटुंब होतं, त्यांच्याकडे गुंडाळलेली शिवणयंत्राची पेटी आणि दोन पंखे. ''तिकडे महाग पडतं,'' बाई म्हणाली. हे वाक्य मी पुढच्या दोन वर्षांत किती वेळा ऐकलं, आणि नंतर स्वतःही म्हटलं, याची गणतीच नाही.

तारीख एकदा बदलली. चार दिवस आम्ही चेन्नईत लॉजवर काढले. सामानाची गोष्ट वेगळीच. घरचं सामान एका वाहतूकदाराकडे दिलं होतं, त्याने पंधरा दिवस सांगितले आणि लावले सत्तेचाळीस. ती कपाटं, मिक्सर, पुस्तकं कुठल्या गोदामात बसून होती ते मला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. तिकडे बदली झालेल्या कुणी हे वाचत असेल तर एवढं ऐका: कुकर, एक पातेलं, पोळपाट-लाटणं आणि दोन चादरी स्वतःबरोबर न्या.

जहाजाचं नाव 'नानकोवरी'. हजारावर माणसं सामावणारं. खाली बंक क्लास: एका मोठ्या हॉलमध्ये दुमजली बाकं, शेकडो माणसं, पंखे, घामाचा आणि डिझेलचा वास. वर केबिन. आम्हाला चार बर्थची केबिन मिळाली, पण मी रोज खाली जाऊन यायची. सावरकरांना १९११ साली मद्रासहून 'महाराजा' बोटीने नेलं, ते साखळदंडासकट तळघरात, हे मी लहानपणी ऐकलेलं. जिन्यावरून खाली उतरताना माझ्या पायांना ते आठवायचं. आणि खाली तर बायका पत्ते कुटत बसलेल्या, पोरं बाकांवरून उड्या मारतायत, एक म्हातारे गृहस्थ रेडिओ कानाला लावून. त्यांना घरी जायचं होतं.

पहिली रात्र बरी गेली. दुसऱ्या दिवशी बंगालच्या उपसागराने आपलं जूनचं रूप दाखवलं. मुलगा उलट्या करून पडला. शेजारच्या बर्थवरच्या ताईंनी त्याला आल्याचा तुकडा चघळायला दिला आणि मला म्हणाल्या, ''त्याला वर डेकवर न्या, क्षितिजाकडे बघू दे. भिंतीकडे बघितलं की जास्त फिरतं.'' तसं केलं. खरंच थांबलं. संध्याकाळी निळ्या पाण्यातून उडते मासे चांदीच्या मुठी फेकल्यासारखे उसळून जात होते. जेवण कुपनावर, भात-सांबार-भाजी, वेळ ठरलेली. तिसऱ्या दिवशी कुणालाच कशाची घाई उरली नव्हती. फोनला रेंज नाही, बातमी नाही. साठ तासांच्या वर असं पाणी बघितलं की आपलं गाव किती लांब आहे ते आकड्यांनी सांगावं लागत नाही.

चौथ्या दिवशी पहाटे लोक डेकवर जमू लागले. उजेड पाचच्या आधीच झालेला. बंदर बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर आहे, म्हणून जमीन दिसायला लागल्यावरही बराच वेळ जहाज चालतच होतं. मग एका छोट्या हिरव्या बेटाकडे बोट दाखवत कुणीतरी म्हणालं, ''रॉस!'' आणि त्याच क्षणी सगळ्यांचे फोन वाजायला लागले. बंदराच्या तोंडाशीच रॉस बेट आहे. ते आलं की रेंज येते. सगळे एकच वाक्य बोलत होते: ''रॉस आ गया. चाय चढ़ा दो.''

शेजारच्या ताईंनी पर्समधून वीस रुपयांची नोट काढून माझ्या मुलाच्या हातात दिली. ''मागची बाजू बघ, आणि आता समोर बघ.'' केशरी नोटेवरची ती नारळाची झाडं, तो डोंगर, तो दीपस्तंभ. माउंट हॅरिएटच्या बाजूने दिसणारा नॉर्थ बेचा देखावा. आयुष्यभर भाजीवाल्याला दिलेली नोट, आणि त्यातलं चित्र याच बंदराचं. मुलगा आजारपण विसरला.

हॅडोच्या धक्क्याला जहाज लागलं. घर मिळालं डेलानीपूरच्या चढावर, एका सत्तरीच्या बाईंच्या घराचा वरचा मजला. त्यांना सगळा मोहल्ला चाची म्हणायचा, मीही म्हणायला लागले. त्या मला पहिल्या दिवसापासून 'बेटी'.

पहिल्याच दिवशी चाचींनी मला गच्चीवर नेऊन निळे ड्रम दाखवले. सात होते. ''पानी का दिन याद रखना, बाकी सब हो जाएगा.'' या गावात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, दोन्ही मोसमांत पडतो, आणि तरी एप्रिल-मेमध्ये नळाला तीन-तीन दिवस पाणी नसतं. शहराची सगळी मदार धनीखाडीच्या धरणावर. कोकणातल्या बाईला हे समजायला वेळ लागला नाही. आमच्याकडेही जूनमध्ये घर गळतं आणि मेमध्ये विहिरीचा तळ दिसतो. मी पहिल्याच आठवड्यात पागोळ्यांखाली पत्रा लावून पाणी ड्रमात वळवलं. चाचींनी ते बघून शेजारणींना बोलावून दाखवलं, आणि त्या दिवसापासून मी त्यांच्या घरातली झाले.

बाकीचं हळूहळू अंगवळणी पडलं. सूर्य पहाटे पाचला उगवतो आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला मावळतो, कारण घड्याळ भारताचं आणि जागा ब्रह्मदेशाच्या शेजारची. शाखा बंद करून बाहेर पडावं तर रस्त्यावर दिवे लागलेले. कांदे-बटाटे, गॅस, सिमेंट, वह्या, औषधं, सगळं जहाजाने येतं. जहाज लांबलं की अबर्डीन बाजारात कांदा चढतो, आणि कांदेवाला भाव सांगायच्या आधी बंदराकडे हात करतो. वीज डिझेलच्या जनित्रांवर, आणि ते डिझेलही जहाजानेच. इंटरनेट तेव्हा उपग्रहावरून यायचं; बँकेत एक व्यवहार पुढे सरकायला जेवढा वेळ लागायचा तेवढ्यात गिऱ्हाईक बाहेर जाऊन चहा पिऊन यायचं आणि कुणी चिडायचं नाही. चेन्नईहून समुद्राखालची केबल आली ती २०२०च्या ऑगस्टमध्ये, मी परत आल्यावर. मासळी मात्र भरपूर. सुरमई, कोकारी, खेकडे. माझ्या माहेरच्या तिरफळाच्या आमटीला चाचींनी अंगणातली बर्मा धनिया घातली. लांब पानांची, काटेरी कडांची, कोथिंबिरीपेक्षा वासाला कितीतरी उग्र. चव बदलली, पण बिघडली नाही.

आता सेल्युलर जेलबद्दल. दोन वर्षांत माझ्याकडे नऊ वेळा पाहुणे आले आणि नऊही वेळा मी त्यांना तिथे घेऊन गेले. १८९६ ते १९०६ अशी दहा वर्षं तो तुरुंग बांधला गेला. मधल्या मनोऱ्याभोवती सात शाखा होत्या, आज तीन उभ्या आहेत. विटा ब्रह्मदेशातून आणलेल्या. एका शाखेच्या कोठड्यांची तोंडं पुढच्या शाखेच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला समोर माणसाचा चेहरा दिसूच नये. पण मला प्रत्येक वेळी थांबवायची ती कडी. कोठडीचं दार बंद झालं की लोखंडी अडसर दाराबाहेरच्या भिंतीतल्या एका कोनाड्यात जाऊन बसतो आणि कुलूप तिथे लागतं. गजांतून हात कितीही लांब केला तरी बोटं पोचत नाहीत. माझ्या मुलाने आत उभं राहून हात बाहेर काढला, खांद्यापर्यंत. गाल गजांना चिकटला. वीतभर अंतर उरलं. त्याने हात आत घेतला आणि दिवसभर गप्प होता.

सातव्या शाखेच्या वरच्या मजल्यावर टोकाला सावरकरांची कोठडी. गळ्यातल्या बिल्ल्यावर सुटकेचं साल १९६० लिहिलेलं असणारा अठ्ठावीस वर्षांचा माणूस इथे उभा होता. त्याच तुरुंगात थोरला भाऊ होता आणि कित्येक दिवस एकमेकांची गाठ नाही. माझे सासरे त्या दारात उभे राहिले ते हात जोडून, डोळ्यांना धार. मीही दर वेळी रडले आहे. पाहुणे मात्र तिथून थेट विमानतळावर किंवा हॅवलॉकच्या बोटीवर जायचे, आणि मला वाटायचं, यांना चाचींकडे चहाला न्यायला हवं होतं.

कारण हे गाव कैद्यांनीच वसवलं. आधी १७८९ साली मुंबई नौदलाच्या लेफ्टनंट आर्चिबाल्ड ब्लेअरने चॅथम बेटावर वसाहत घातली होती. ती हलवली, आणि रोगराईने १७९६ मध्ये गुंडाळली. मग सत्तावन्नचं बंड झालं आणि १० मार्च १८५८ला डॉक्टर वॉकर दोनशे कैदी घेऊन उतरला. जंगल तोडायचं काम त्यांचं. ज्यांची ही भूमी होती त्या अंदमानी लोकांनी १७ मे १८५९ला अबर्डीनवर हल्ला केला, धनुष्यबाणांनी, बंदुकांपुढे. त्यांचं स्मारक समुद्रकाठी आहे. आज त्या ग्रेट अंदमानी लोकांची संख्या पन्नासच्या आसपास उरली आहे, हे तिथे उभं राहून आठवलं की घशात काहीतरी अडकतं. साहेब लोक रॉस बेटावर राहायचे: चर्च, बेकरी, नाचघर. आता तिथे भिंतींना वडा-पिंपळाच्या मुळांनी वेढलं आहे आणि हरणं फिरतात.

जे कैदी काही वर्षं नीट वागले त्यांना सुटं राहून शेती-धंदा करायची परवानगी मिळायची. साउथ पॉइंटला बायकांचा तुरुंग होता. तिथल्या स्त्रियांशी सरकारी परवानगीने लग्न लावता यायचं. शहरात शादीपूर नावाचा भाग आहे, नाव त्या लग्नांवरूनच पडलं असं जुने लोक सांगतात. कोण कुठल्या जातीचा, कुठल्या मुलखाचा, हे बघायला मागे कुणी नव्हतं. त्यांची मुलं, नातवंडं म्हणजे 'लोकल'. सगळ्यांची भाषा एक, हिंदुस्तानी. फाळणीनंतर पूर्व बंगालचे निर्वासित आले, त्याआधी मलबारचे मोपला, रांचीचे मजूर, बर्मातले करेन. पण १९४२च्या, म्हणजे जपानी येण्याच्या, आधीपासूनच्या घरांना वेगळा मान आहे.

चाची त्या घरांतल्या. एका पावसाळी संध्याकाळी वीज गेली होती, तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांचे पणजोबा बर्मी. कैदी म्हणून आले. पणजी संयुक्त प्रांतातली, साउथ पॉइंटची. दोघांचा गुन्हा काय होता?

''घर में तीन कहानी है, बेटी. तीनों में वो बेकसूर थे.''

त्या शांतपणे म्हणाल्या, आणि मी पुढे काही विचारलं नाही.

त्यांच्या आईने जपानी राजवट भोगलेली. मार्च १९४२ ते ऑक्टोबर १९४५. भाताच्या पेजेसाठी रांगा, हेरगिरीचा संशय, घरातून उचलून नेलेली माणसं. ३० डिसेंबर १९४३ला नेताजींनी जिमखाना मैदानावर तिरंगा फडकवला, चाचींची आई त्या गर्दीत होती. त्याच वेळी गावातले कितीतरी लोक जेलमध्ये जपान्यांचा छळ सोसत होते, आणि ते नेताजींपर्यंत पोचू दिलं गेलं नाही. जानेवारीत जेलमध्ये डांबलेले डॉक्टर दिवाणसिंग त्या छळाने गेले. ३० जानेवारी १९४४ला हम्फ्रीगंजला चव्वेचाळीस जणांना गोळ्या घातल्या. चाची ही तारीख देवाच्या तिथीसारखी पाळायच्या, त्या दिवशी संध्याकाळी दिवा लावायच्या. आईने सांगितलं म्हणून.

मी त्यांना माझ्या गावाबद्दल सांगायला लागले. म्हटलं, चाची, तुमच्या पणजोबांचा राजा आमच्याकडे होता. इंग्रजांनी १८८५ साली ब्रह्मदेश घेतला आणि थिबा राजाला राणीसकट १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. तीस वर्षं तो समुद्राकडे बघत राहिला. १९१६ साली तिथेच गेला, थडगं तिथेच आहे. त्याची नात टुटू आमच्या गावात वाढली, आमच्याच माणसाशी लग्न केलं, मराठी बोलत जगली. आम्ही शाळेत असताना बाजारात तिला लोक ओळखायचे.

चाची बराच वेळ अंधारात गप्प होत्या. मग म्हणाल्या, ''तो तुम्हारा गाँव भी टापू था.''

माझ्या गावाला कुणी टापू म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. अंदमानात जुनी माणसं शिक्षेच्या वस्तीलाच टापू म्हणतात. थिबा पॅलेसच्या गच्चीतून आम्ही भाट्याची खाडी बघायचो, सूर्यास्ताला शाळेच्या सहली यायच्या. तिथे उभं राहून तो माणूस काय बघत असेल, हा विचार मी पन्नास वेळा तिथे जाऊन एकदाही केला नव्हता.

पुढे एका रविवारी चाचींनी आम्हाला बसने सिप्पीघाटला नेलं. २६ डिसेंबर २००४च्या भूकंपात इथली जमीन खचली, मागून त्सुनामीचं पाणी आलं, आणि खचलेल्या भातखाचरांतून ते परत गेलंच नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खारं पाणी आणि त्यात उभे वाळलेले माड. एका जागी चाचींनी बस थांबायला सांगितली. त्यांच्या भावाचं शेत. पाण्यात बांधाची एक रेघ ओहोटीला वर आली होती. त्या बोटाने एकेक खाचर दाखवत होत्या: हे भाताचं, हे वालीचं, इथे विहीर. मला फक्त पाणी दिसत होतं. माझ्या मुलाने वहीत तो नकाशा काढून घेतला, चाची सांगतील तसा. ती वही अजून आहे.

२०१९च्या मेमध्ये परतीचा आदेश आला. या वेळी विमानाने जावं असं सगळे म्हणत होते. मुलानेच सांगितलं, जहाजाने. तिकिटाच्या रांगेत आता मला सगळं माहीत होतं, आणि पुढे उभ्या असलेल्या एका नव्या बदलीवाल्याला मी कुकरबद्दल सांगितलं.

हॅडोला चाची सोडायला आल्या. गुडघे दुखत होते तरी. बर्मा धनियाचं बी कागदाच्या पुडीत बांधून दिलं. शिडी काढली, दोर सोडले, जहाज हळूहळू मागे सरलं. धक्क्यावरची माणसं जागची हलत नव्हती. तिथली पद्धतच आहे, जहाज दिसेनासं होईपर्यंत उभं राहायचं. चॅथमची लाकडाची गिरणी गेली, १८८३ सालची. फोन वाजला.

''कहाँ तक पहुँचे?''

''अबर्डीन दिसतंय, चाची. जेलचा मनोरा दिसतोय.''

''बाबू ने खाना खाया?''

''हो.''

''पानी भर लिया बोतल में?''

''भरलं.''

मी दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्याशी मराठीत बोलत होते आणि माझ्या लक्षातही आलं नाही. त्यांनाही खटकलं नाही. उजव्या हाताला रॉस जवळ येत होतं, पडक्या भिंती, माड, दीपस्तंभ.

''रॉस आया?'' त्यांनी विचारलं.

''येतंय.''

''अभी आया?''

''चाची, आलं, अगदी समोर...''

पलीकडे आवाज नव्हता. मी फोन कानालाच धरून उभी राहिले.